‘आजपासून एकदम बंद’: कोणत्या नशेचं चालतं आणि कोणत्या नशेत जीवावर बेततं?

एचवन रजिस्टर (धागाकर्ता)

नागपुरात नशेची बातमी म्हणजे दोनच प्रकारची. स्टेशनावर गांजाच्या बॅगा सापडल्या, नाहीतर एमडीची (मेफेड्रोन, उत्तेजक पावडर) पुडी घेऊन कोणी धरला गेला. घरच्यांना पडणाऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्या बातमीत नसतं: आता सोडवायची कशी? बहुतेक घरांत ठरलेला उपाय म्हणजे खोलीत कोंडा, एकदम बंद करा, चार दिवस तडफडू द्या. हा उपाय काही नशांत निभावून जातो आणि दोन नशांत माणूस मारू शकतो. त्या दोन म्हणजे रोजची भरपूर दारू, आणि झोपेच्या किंवा घबराटीच्या गोळ्या: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम या कुळातल्या.

कारण सोपं आहे. दोन्ही मेंदूचा ब्रेक बाहेरून दाबून धरतात. महिनोन्‌महिने असं चाललं की मेंदू आपला स्वतःचा ब्रेक सैल सोडतो आणि अ‍ॅक्सिलरेटर वाढवतो. मग एका रात्रीत बाहेरचा पाय काढला की गाडी सुसाट सुटते: थरथर, रक्तदाब, झटके.

प्रमाण किती, असं कोणी विचारेलच म्हणून एकदाच आकडे देतो. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. १० ते ७५ वयोगटात दारू पिणारे १४.६ टक्के, गांजा-भांग-चरस २.८ टक्के, अफूजन्य पदार्थ साधारण २.१ टक्के, झोपेच्या गोळ्यांचा गैरवापर १ टक्क्याच्या जरा वर. दारूचं व्यसन जडलेल्या दर ३८ जणांत एकालाच काही उपचार मिळतात. म्हणजे आपण ज्यावर कमी बोलतो तीच दारू सगळ्यात पुढे आहे.

ज्यांना यातलं नेमकं माहीत आहे त्यांनी लिहा. आपबीती नको, कामाचं सांगा.

---

रात्रपाळी

दारूपासून सुरू करते. शेवटच्या पेगपासून दिवस नाही, तास मोजायचे.

६ ते २४ तासांत हात थरथरतात, घाम येतो, मळमळतं, झोप उडते. मिरगीसारखा झटका बहुतेक वेळा ६ ते ४८ तासांत येतो. ४८ ते ९६ तासांत, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, खरा धोका: भिंतीवर किडे दिसणं, नसलेल्या माणसांशी बोलणं, आपण कुठे आहोत ते न कळणं, सोबत ताप आणि वेगात नाडी. याला डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतात. घरच्यांना वाटतं बाहेरची बाधा झाली, आणि उतारा करण्यात नेमके तेच तास जातात. ही आयसीयूची वेळ असते.

कोणाला घरी ठेवायचंच नाही? ज्याला सकाळी डोळे उघडल्याबरोबर घ्यावी लागते, ज्याला आधी कधी दारू थांबवल्यावर झटका आला होता, जो दारूसोबत झोपेच्या गोळ्याही घेतो, ज्याला कावीळ किंवा दुसरा मोठा आजार आहे. अशांना भरती करून क्लोरडायझेपॉक्साइड किंवा लोराझेपाम (वर सांगितलेल्या गोळ्यांच्याच कुळातली) देतात आणि काही दिवसांत उतरवत आणतात. लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम बरं.

दुसरी चूक गल्लीतल्या दवाखान्यात होते. ‘अशक्तपणा आहे, एक सलाईन लावून द्या.’ रोज पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, तळाला गेलेलं असतं. त्यात नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं थायमिनही संपतं, आणि डोळे तिरपे होणं, तोल जाणं, गोंधळणं सुरू होऊ शकतं. वेळेत लक्षात आलं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. म्हणून आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज. साखर फारच घसरलेली असेल तर दोन्ही एकदम, ग्लुकोज अडवून धरायचं नाही. थायमिनच्या गोळीवर विसंबू नका, अशा आतड्यात ती नीट शोषली जात नाही.

आणि एक, जे फार वेळा घडतं. पाय मोडून भरती झालेला माणूस तिसऱ्या दिवशी बरळायला लागतो, आणि घरचे तोवर ‘कधीतरी घेतात’ एवढंच सांगत असतात. भरतीच्या वेळीच खरं सांगा: किती, रोज का, शेवटची केव्हा. ऑपरेशन असेल तर भूलतज्ज्ञाला वेगळं सांगा.

---

सावजी रस्सा

गोळ्यांचं सांगा नं कोणी. आमच्याकडे पोट्टे ‘बटन’ म्हणून खाऊन राहिले. आणि घरच्या म्हाताऱ्यांची तं अर्धी गोळी वर्षानुवर्षं चालू असते, तिला कोणी नशा म्हणत नाही. दोघांना नियम एकच का?

---

एचवन रजिस्टर

मेंदूला नियम एकच. फरक मात्रेचा.

स्ट्रिप हातात आली की कंपनीचं मोठं नाव सोडा, खाली बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचा. लाल चौकटीतली सूचना असेल तर ते शेड्यूल एच-१ मधलं. २०१४ पासून या यादीतलं औषध चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही, आणि विक्रेत्याने वेगळ्या वहीत डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध व प्रमाण लिहून ती वही तीन वर्षं ठेवायची. अल्प्राझोलाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, ट्रामाडॉल, कोडीन हे सगळे त्यात. जो दुकानदार ‘चिठ्ठी राहू द्या’ म्हणतो, तो वही भरत नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार याच मुद्द्यावर टिकते. ‘तो नशेच्या गोळ्या विकतो’ एवढं लिहून भागत नाही. दुकानाचं नाव, औषध, तारीख आणि चिठ्ठी मागितली नाही हे लिहा.

आता सोडणं. अल्प्राझोलाम शरीरातून लवकर उतरतं, त्यामुळे एक-दोन दिवसांतच थरथर, धडधड, झोप उडणं आणि कधी थेट झटका. डायझेपामसारखं लांब टिकणारं असेल तर हेच आठवड्याभराने येतं, आणि लोक म्हणतात, गोळी सुटून इतके दिवस झाले, हे दुसरंच काही असेल. दुसरं काही नसतं.

डॉक्टर सहसा लांब टिकणाऱ्या गोळीवर नेतात आणि दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के उतरवतात. वर्षानुवर्षं घेणाऱ्याला सहा महिने, वर्षही लागतं. घरी स्वतः गोळी बदलू नका. मिलिग्रॅमला मिलिग्रॅम जुळत नाही: अर्धा मिलिग्रॅम अल्प्राझोलाम हे साधारण १० मिलिग्रॅम डायझेपामच्या तोडीचं धरतात. आकडा लहान म्हणून गोळी हलकी समजणारे इथेच फसतात.

शेवटचा टप्पा सगळ्यात चिवट असतो. पाव गोळीवरून शून्यावर येताना लोक कंटाळतात आणि टाकून देतात. तिथेच सावकाश जा.

---

समुपदेशक बर्डी

ब्राउन शुगर म्हणजे गर्द (हेरॉइनच), आणि ट्रामाडॉल-टॅपेन्टाडॉलच्या, म्हणजे अफूसारखं काम करणाऱ्या दुखण्यावरच्या गोळ्या, यांचं गणित उलटं आहे. इथे एकदम बंद केल्याने सहसा जीव जात नाही. जीव जातो तो नंतर.

गर्द थांबल्यावर ८ ते १२ तासांत जांभया, नाक-डोळे वाहणं, अंगावर काटा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस: पोटात मुरडा, जुलाब, हाडं दुखणं, पायांची तडफड. आठवड्याभरात ओसरतं. उलट्या-जुलाबांत पाणी आणि क्षार गेले तर मात्र धोका आहे, त्यामुळे ओआरएस चालू ठेवा, आणि गरोदर बाईला तर घरी अजिबात सोडवू नका.

पण त्या एक-दोन आठवड्यांत शरीराची सवय मोडते. डोकं मात्र जुनाच डोस लक्षात ठेवतं. केंद्रातून किंवा जेलमधून सुटलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात जुन्याइतकं घेतो आणि श्वास थांबतो. म्हणून नुसतं ‘डिटॉक्स करून आणलं’ हा उपचार नव्हेच, उलट ती सगळ्यात धोक्याची घडी आहे.

उपचार म्हणजे पुढचे महिने. नॅकोच्या (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) ओएसटी केंद्रांत, म्हणजे गर्दऐवजी ठरलेलं औषध देणाऱ्या केंद्रांत, ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन फुकट मिळतं, रोज समोर घ्यायचं असतं. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असं नातेवाईक म्हणतात. फरक असा की ही मात्रा ठरलेली असते, तिने झिंग येत नाही, तलफ बसते, सुई सुटते आणि माणूस कामावर जातो. ब्युप्रेनॉर्फिनची पहिली गोळी घाईने द्यायची नाही. गर्दनंतर साधारण १२ तास गेलेले हवेत आणि त्रास दिसायला लागलेला हवा. आधी दिली तर ती उरलेल्या गर्दला जागेवरून ढकलते आणि तासाभरात भयंकर त्रास सुरू होतो. मग पेशंट परत येत नाही.

दुसरा मार्ग नाल्ट्रेक्सोन, म्हणजे गर्दचा असर अडवणारं औषध. त्याला मात्र ७ ते १० दिवस पूर्ण कोरडे हवेत.

सुया वाटून घेतल्या असतील तर एचआयव्हीसोबत हिपॅटायटिस सी ची तपासणी मागून घ्या. राष्ट्रीय कार्यक्रमात २०१८ पासून त्याची औषधं फुकट आहेत, बहुतेकांचा कोर्स १२ आठवड्यांचा.

---

रात्रपाळी

वरच्यात भर. श्वास थांबत आलेला कसा ओळखायचा: हलवून उठत नाही, डोळ्यांची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी, ओठ निळसर, घोरल्यासारखा घरघराट आणि मिनिटाला ८-१० पेक्षा कमी श्वास. १०८ ला फोन. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा, वरचा गुडघा दुमडून. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या, दर पाच-सहा सेकंदांनी एक. नाडी लागत नसेल तर छाती दाबणं सुरू करा. मीठपाणी, लिंबू, दूध, थंड पाण्याची बादली यातलं काही नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात घातलेलं फुप्फुसात जातं.

कॅज्युअल्टीत नॅलोक्सोन (गर्दसारख्या नशेचा असर उतरवणारं औषध) देतात आणि माणूस दोन मिनिटांत उठून बसतो. घरचे लगेच डिस्चार्ज मागतात. देऊ नका मागू! नॅलोक्सोनचा असर ३० ते ९० मिनिटांचा, गोळ्यांचा त्याहून लांब. नॅलोक्सोन उतरलं की श्वास परत मंदावतो.

ट्रामाडॉल वेगळं वागतं. जास्त झालं तर झटके येतात आणि नॅलोक्सोनने अर्धवटच उतरतं. त्यामुळे रिकामी स्ट्रिप सोबत आणा.

---

झिरो माइल

सगळं मान्य. पण गांजाला यात का ओढता? झाडपाला आहे, महादेवाचा प्रसाद. सोडला तर काही होत नाही. सगळा बाऊ पोलिसांचा.

---

समुपदेशक बर्डी

सोडल्यावर जीव जात नाही, इतपत बरोबर. चिडचिड, झोप न लागणं, घाम, भूक मरणं, विचित्र स्वप्नं, साधारण दोन आठवडे. यासाठी भरती लागत नाही.

बाकीचं नाही पटत. १५-१६ व्या वर्षी रोजचं सुरू झालं आणि घराण्यात कोणाला मोठा मानसिक आजार असेल, तर संशय आणि भास सुरू होण्याचा धोका खराखुरा वाढतो. आणखी एक गंमत (गंमत म्हणायची तर): वर्षानुवर्षं रोज ओढणाऱ्या काहींना उलट्यांचे दौरे येतात, आणि त्यांना फक्त गरम पाण्याने अंघोळ केल्यावर बरं वाटतं. दिवसातून पाच-पाच वेळा अंघोळ. पोटाच्या डॉक्टरकडे एंडोस्कोपी होते, काही सापडत नाही. कारण कोणी विचारत नाही. गांजा पूर्ण थांबला की दौरे थांबतात.

---

काळा कोट

झिरो माइल, बाऊ पोलिसांचा नाही, नकाशाचा आहे. आंध्र-ओडिशाच्या डोंगरातला माल उत्तरेला आणि मुंबईकडे जाताना रेल्वेने आपल्याच स्टेशनावरून जातो. धरला जातो तो बहुधा बॅग वाहणारा पोरगा.

एनडीपीएस कायदा, १९८५ (अमली पदार्थांचा कायदा) सगळं वजनावर चालवतो. गांजा १ किलोपर्यंत ‘अल्प’, २० किलोवर ‘व्यापारी’. हेरॉइन ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम. एमडी २ ग्रॅम आणि ५० ग्रॅम. व्यापारी प्रमाणाला किमान १० वर्षं, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळपास बंद. पोरांना वाटतं भेसळ वजा होईल. होत नाही: २०२० च्या हिरा सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की मिश्रणाचं सगळं वजन धरायचं. म्हणजे ग्रॅमभर एमडीत दोन ग्रॅम पावडर घातली की तुम्ही अल्पच्या बाहेर.

घरच्यांच्या कामाचं कलम ६४-अ. व्यसनी माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर खटल्यापासून संरक्षण मिळतं. उपचार अर्धवट सोडला तर ते काढून घेता येतं. म्हणून प्रत्येक भेटीचा केसपेपर जपा, न्यायालयात तोच बोलतो.

पुडी सापडली तर ‘डॉक्टरला दाखवायला’ म्हणून खिशात घालून फिरू नका. डॉक्टरला नमुना लागत नाही, लघवीच्या तपासणीत भागतं. खिशातली पुडी मात्र तुमचीच ठरते.

---

सावजी रस्सा

ती लघवीची किट मेडिकलमधून आणून घरी करता येते का? एमडी त्यात दिसते?

---

एचवन रजिस्टर

बाजारातल्या साध्या पाच-सहा पट्ट्यांच्या किटमध्ये एमडीची पट्टी बहुधा नसते. ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून घरचे निर्धास्त होतात, पोरगा मनात हसतो. ट्रामाडॉलही मॉर्फिनच्या पट्टीवर येत नाही, त्याची पट्टी वेगळी. उलट, काही साधी सर्दीची औषधं अ‍ॅम्फेटामाइनची (दुसरं एक उत्तेजक) पट्टी खोटी पॉझिटिव्ह करतात. पक्कं उत्तर प्रयोगशाळेतल्या मास स्पेक्ट्रोमेट्रीने.

दिवसही वेगवेगळे. गर्द दोन-तीन दिवस, गांजा एकदा ओढला तर तीनेक दिवस, रोजचा असेल तर महिनाभरही. आठवडाभर गांजा बंद ठेवलेल्या मुलाची पट्टी पॉझिटिव्ह आली म्हणून त्याला खोटा पाडू नका.

---

रात्रपाळी

एमडीचं राहिलं. असर थोडे तास टिकतो, म्हणून रात्रभर पुन्हापुन्हा ओढतात. मग दोन-दोन दिवस झोप नाही, जबडा आवळलेला, नाकातून रक्त, आणि ‘कोणी पाठलाग करून राहिलं’ हा संशय. आपल्याकडचा मे महिना यात विष कालवतो. बाहेर ४५ अंश, आत शरीर आपोआप तापलेलं, वर नाचणं. अंग चटके बसतील इतकं गरम आणि बडबड असंबद्ध झाली की कपडे सैल करा, ओले फडके, पंखा, मानेला-काखेत बर्फ, आणि १०८. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

बंद केल्यावर झटके वगैरे नाहीत. एक-दोन दिवस नुसती झोप, भूक, आणि मग काळीकुट्ट उदासी. आत्महत्येचा धोका या पहिल्या दोन आठवड्यांत जास्त. ‘झोपला आहे, आता ठीक आहे’ म्हणून एकटं सोडू नका. एमडी सोडवणारी गोळी अजून नाही. कोणी विकत असेल तर ते बहुधा झोपेचं औषध असतं, आणि मग वरचा गोळ्यांचा प्रतिसाद वाचा.

---

दातांचा डॉक्टर

विषयाला थोडं सोडून, पण नागपुरात खर्ऱ्याशिवाय (घोटलेली तंबाखू-सुपारी) नशेचा धागा म्हणजे अपुरा. खर्रा एकदम बंद केलेला चालतो, फक्त पहिले तीन-चार दिवस माणूस भांडखोर होतो. निकोटीन गम मदत करतो, पण लोक तो च्युइंगमसारखा चघळतात आणि उचकी, मळमळ होते. झणझणीत लागेपर्यंत चावा, मग गाल आणि हिरडीमध्ये ठेवा, चव गेली की पुन्हा. आधीची १५ मिनिटं चहा-कॉफी-सरबत नको.

आपलीच तीन बोटं उभी करून तोंडात जातात का पाहा. जात नसतील तर सुपारीने तोंड आवळत आलंय. मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा.

---

समुपदेशक बर्डी

पंक्चरचं सोल्यूशन किंवा थिनर हुंगणाऱ्या पोरांबद्दल एकच: ओरडत अंगावर धावून जाऊ नका. त्या वाफांनी हृदय नाजूक झालेलं असतं, घाबरून पळताना ठोके बिघडून जागीच मृत्यू होतो. शांतपणे रुमाल बाजूला घ्या, हवेत आणा, बसवा. मग १०९८, मुलांसाठीची हेल्पलाइन.

---

सावजी रस्सा

शेवटचं विचारतो. पेपरात जाहिराती असतात, ‘न सांगता दारू सोडवा’, भाजीत घालायची पुडी. आणि गाडी पाठवून उचलून नेणारी केंद्रं. बायाबापड्या थकून तिकडेच जातात. काय सांगायचं त्यांना?

---

रात्रपाळी

पुडीत काय आहे ते तुम्हाला माहीत नसतं. डायसल्फिराम असलं तर आणि तो बाहेर जाऊन प्यायला तर चेहरा लाल, धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं. हृदय कमजोर असेल तर मृत्यू. हे औषध वाईट नाही, पण ज्याला ठाऊक आहे, ज्याने होकार दिलाय आणि ज्याची लिव्हर-हृदयाची तपासणी झालीय त्यालाच. थांबवल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारूशी भांडतं. चोरून घालणं कोणत्याच परिस्थितीत नाही.

---

काळा कोट

उचलून नेण्याबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-ड्रग्जशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजारातच धरल्या आहेत. त्यामुळे अशा रुग्णांना भरती करून ठेवणाऱ्या केंद्राला मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी लागते. इच्छेविरुद्ध भरती कलम ८९ खाली होते: नामनिर्देशित प्रतिनिधीचा (रुग्णाच्या वतीने बोलणारा) अर्ज, त्या दिवशी किंवा आधीच्या सात दिवसांत दोघांनी स्वतंत्र तपासणी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. साखळी बांधणं, सक्तीने टक्कल करणं बेकायदा. गाडीतून चार धटिंगण उतरून माणूस नेतात, त्यात यातलं काहीही नसतं.

केंद्र पाहायला जाल तेव्हा चार गोष्टी विचारा. नोंदणीचा कागद कुठे आहे? रात्री झटका आला तर कोण डॉक्टर येतो आणि कोणत्या दवाखान्यात नेता? आल्यावर पहिले पाच दिवस काय औषध देता? फोन आणि भेट कधीपासून? ‘महिनाभर भेट नाही, आमच्यावर सोडा’ म्हणाले की तिथूनच परत फिरा. पहिल्या प्रश्नावर चिडले तरी तेच.

---

समुपदेशक बर्डी

आणि तो यायलाच तयार नसेल तर घरच्यांनी आधी एकटं यावं. मेडिकल, मेयो, एम्स या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार ओपीडीत किंवा पागलखाना चौकातल्या प्रादेशिक मनोरुग्णालयात, हे चालतं. फोनवर १४४४६ ही व्यसनमुक्तीची, १४४१६ ही टेली-मानसची (मानसिक आरोग्याची हेल्पलाइन), दोन्ही फुकट.

येताना एका कागदावर लिहून आणा: काय काय घेतो (सगळं, खर्ऱ्यासकट), दिवसाला किती, कधीपासून, शेवटचं कोणत्या तारखेला किती वाजता, आधी कधी झटका आला होता का, दुसरी औषधं कोणती. सोबत रिकाम्या स्ट्रिप आणि जुने केसपेपर. ‘शेवटचं किती वाजता’ हा रकाना कोरा ठेवू नका, पहिली गोळी त्यावरूनच ठरते.